बगदादचा वाइझ

'किस्सा' हा शब्द आपण मराठीत इतक्या सहज वापरतो की तो अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला हे लक्षातही येत नाही. अरबीत त्याच मुळापासून आणखी एक शब्द तयार झाला आहे, 'कास'. कास म्हणजे किस्से सांगणारा. पण हे किस्से पारावरच्या गप्पांतले नव्हेत. नमाज झाल्यावर मशिदीच्या अंगणात नाहीतर बाजाराच्या तोंडाशी बसायचं, जुन्या पैगंबरांच्या, स्वर्ग-नरकाच्या, कयामतीच्या कथा रंगवून सांगायच्या, लोकांना रडवायचं आणि उठताना त्यांच्याकडून चार नाणी घ्यायची, असा हा पेशा. आपल्याकडचे कीर्तनकार जसे आख्यान लावतात तसंच काहीसं. फरक इतकाच की कीर्तनकाराच्या मागे निदान टाळ-मृदंग असतो. कासाकडे फक्त जीभ.

आणि जीभ सैल सुटली की काय होतं, हा प्रश्न आठशे वर्षांपूर्वी बगदादमधल्या एका माणसाने आयुष्यभर उराशी धरला. तो स्वतःही त्याच धंद्यातला होता, हे विशेष. त्याचं पूर्ण नाव बरंच लांब आहे. ओळखीचं नाव अबुल फरज इब्न अल-जौझी. 'जौझ' म्हणजे अक्रोड. त्याच्या कुठल्याशा पूर्वजाच्या घरी वासित शहरात एक अक्रोडाचं झाड होतं, गावात तेवढं एकच, म्हणून हे आडनाव पडलं असं सांगतात. दुसऱ्याही व्युत्पत्त्या आहेत, पण झाडाची मला जास्त आवडली.

जन्म साधारण 1116 चा. जागा बगदाद. अब्बासी खलिफांची राजधानी तेव्हा उतरणीला लागली होती, पण शहराला मशिदी, मदरसे आणि पुस्तकांचा बाजार यांची श्रीमंती अजून होती. घरचा व्यवसाय तांब्याचा. वडील तो तीनेक वर्षांचा असतानाच गेले. आई होती, पण मुलाकडे खरं लक्ष दिलं ते आत्याने. तिनेच त्याचं बोट धरून त्याला इब्न नासिर नावाच्या हदीसच्या जाणकाराकडे नेऊन बसवलं. हदीस म्हणजे प्रेषित मुहम्मदांच्या वचनांच्या आणि वागणुकीच्या नोंदी. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने आणखी कुणाकडून, अशी माणसांची साखळी प्रत्येक नोंदीला जोडलेली असते, आणि साखळीतली एक कडी जरी खोटारडी निघाली तरी नोंद संशयात जाते. पोराच्या हाताला हे शास्त्र इतक्या लवकर लागलं, याचा त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याशी संबंध आहे. गोष्ट ऐकली की ती कुणी सांगितली हे आधी विचारायचं, ही सवय त्याला आत्याच्या कृपेने लागली. त्या बाईचं नाव मात्र चरित्रकार सांगत नाहीत. असो.

विद्यार्थीदशेबद्दल त्याने म्हातारपणी स्वतःच लिहून ठेवलंय. तो सुक्या भाकरी बरोबर घेऊन अभ्यासाला निघायचा आणि ईसा कालव्याच्या काठी बसायचा, कारण त्या भाकरी पाण्याशिवाय घशाखाली उतरायच्याच नाहीत. एक घास, एक घोट. वीस हजार ग्रंथ वाचल्याचा उल्लेखही त्याने केलाय, आणि तेही शिकणं चालू असतानाचा हिशोब म्हणून. आमच्या लायब्ररीत एकूण किती पुस्तकं असतील याचा विचार करून मी तो आकडा दोनदा वाचला. थोडं वाढवून सांगितलं असेलही. या माणसाला स्वतःबद्दल कमी बोलण्याची सवय नव्हती, हे आताच सांगून ठेवते.

वाइझ म्हणजे उपदेशक. लहान वयातच त्याला चार शब्द शिकवून लोकांसमोर उभं केलं गेलं होतं. त्याचे गुरू इब्न अल-झागूनी 1132 मध्ये वारले, तेव्हा त्यांची मन्सूर मशिदीतली बैठक आपल्याला मिळावी म्हणून या सोळा वर्षांच्या मुलाने दावा केला. लहान आहे म्हणून नाकारलं. मग हा थेट वजिराला जाऊन भेटला, त्याच्यासमोर बोलून दाखवलं आणि त्याच मशिदीत प्रवचनाची परवानगी घेऊन आला. पुढे इब्न हुबैरा हा हंबली पंथाचा विद्वान वजीर त्याचा मोठा आधार झाला आणि स्वतःच्या घरी त्याची प्रवचनं ठेवू लागला. मग खलिफा अल-मुस्तन्जिदने त्याला राजवाड्याच्या मशिदीत बोलायला लावलं. 1170 मध्ये अल-मुस्तदी खलिफा झाला आणि याचं नशीब पार वर गेलं. थोड्याच वर्षांत पाच मदरसे त्याच्या हाताखाली होते.

त्याची बैठक कशी असायची ते आपल्याला एका परक्या माणसामुळे नीट कळतं. इब्न जुबैर हा स्पेनमधला, म्हणजे तेव्हाच्या अंदलुसचा प्रवासी. हज करून 1184 मध्ये बगदादला आला. शहराचं त्याला फारसं कौतुक वाटलं नाही. बगदादी माणसं गर्विष्ठ आहेत, परक्याला तुच्छ लेखतात, असं तो स्पष्ट लिहितो. पण वाइझांपुढे त्याची लेखणी नरमते. नदीच्या पूर्व काठावर आणि राजवाड्याच्या बद्र दरवाजापाशी त्याने इब्न अल-जौझीला ऐकलं. आधी वीसहून जास्त कुराणपाठक दोघं-दोघं, तिघं-तिघं मिळून वेगवेगळ्या आयती आळीपाळीने म्हणायचे. इतक्या वेगवेगळ्या की ऐकणाऱ्याला क्रम लक्षात ठेवणंही कठीण जावं. मग हा मिंबरवर उभा राहायचा आणि त्याच आयती, त्याच क्रमाने, यमक जुळवत प्रवचनात गुंफत न्यायचा. लोक प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून पुढे पाठवत आणि तो तिथल्या तिथे उत्तरं देई. वरच्या झरोक्यांतून खलिफा आणि त्याची आई ऐकत असत. खाली लोक हुंदके द्यायचे, काहींना घेरी यायची, काही जण पुढे धावत येऊन तौबा करायचे आणि त्या तौबेची खूण म्हणून तो त्यांच्या कपाळावरच्या बटा कापायचा. असं काही ऐकायला मिळतं म्हणून समुद्र ओलांडून आल्याचं सार्थक झालं, असा इब्न जुबैरचा एकूण सूर आहे.

आता गंमत बघा. लोकांना रडवणारा, बेशुद्ध पाडणारा हा माणूस घरी जाऊन पुस्तकं लिहायचा ती लोकांना रडवणाऱ्यांच्या विरोधात. त्यातलं माझ्या विषयाचं पुस्तक म्हणजे 'किताब अल-कुस्सास वल्-मुझक्किरीन', किस्से सांगणाऱ्यांचं आणि आठवण करून देणाऱ्यांचं पुस्तक. ते 1971 मध्ये मेर्लिन स्वार्ट्झ या अभ्यासकाने इंग्रजी भाषांतरासह संपादित केलं आणि छापलं बैरूतच्या दार अल-मश्रिकने. ही जेझुइट फादरांची प्रकाशनसंस्था. मुसलमान उपदेशकांनी कसं बोलावं यावरचा बाराव्या शतकातला ग्रंथ आमच्याच चर्चच्या एका छापखान्यातून बाहेर पडला, हे कळल्यावर मला उगाचच आपलेपणा वाटला.

पुस्तकाची सुरुवात शब्दांच्या निवाड्याने होते. लोक तीन गोष्टी एकात मिसळतात, असं त्याचं म्हणणं. किस्सा सांगणं म्हणजे होऊन गेलेल्यांची हकिकत सांगणं. आठवण करून देणं म्हणजे देवाने काय काय दिलंय ते लोकांच्या ध्यानात आणून कृतज्ञ व्हायला लावणं. आणि वाझ म्हणजे मन मऊ होईल असा धाक घालणं. तिन्हींत मुळात वाईट काही नाही. उलट त्याच्या मते पंडिताकडे मोजके लोक येतात, वाइझासमोर हजारो बसतात. शेतकरी, हमाल, दुकानदार यांना धर्म कळतो तो वाइझाच्या तोंडून. आणि म्हणूनच तो खोटं बोलला तर नुकसानही हजारांचं. पंडिताची चूक दुसरा पंडित पकडतो, वाइझाची चूक समोरचा हमाल पकडू शकत नाही. पुस्तकाचा सगळा जोर या एका जागी आहे असं मला वाटतं.

मग तो एकेकाची लबाडी उघडी पाडतो, आणि इथे त्याची लेखणी अशी सुटते की हसू येतं. कुणी तोंडाला काहीबाही फासून चेहरा पिवळट करून येतो, म्हणजे लोकांना वाटावं की उपास करून करून हा सुकलाय. कुणी जवळ अशी वस्तू बाळगतो की ती हुंगली की डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं. कुणी मिंबरला रंगीत कापडं लावतो, कुणी त्यावर हात आपटतो, कपडे फाडून घेतो, प्रेमाच्या कविता गाण्यासारख्या चालीत म्हणतो आणि त्याला ईश्वरभक्ती म्हणतो. कुणी देवाच्या दयेबद्दलच इतकं बोलतो की पाप करणाऱ्याला वाटावं, काळजी कशाला. अहमद गझाली, म्हणजे प्रसिद्ध इमाम गझालींचा भाऊ, बगदादच्या मिंबरवरून सैतानाचीच बाजू घ्यायचा, एकनिष्ठा शिकायची तर त्याच्याकडून, अशा अर्थाचं बोलायचा. त्याचाही समाचार यात घेतलेला आहे. सूफींना हे बोलणं वेगळ्या अर्थाने कळत असेल, पण समोर बसलेल्या साध्या माणसाने यातून काय घ्यायचं, ही इब्न अल-जौझीची तक्रार. मला ती पटते.

पण नाटकीपणापेक्षा त्याला जास्त झोंबायची ती बनावट हदीस. त्या विषयावर त्याने 'अल-मौदूआत' हा वेगळा मोठा ग्रंथच लिहिला. खोट्या हदीस रचणारे सगळे दुष्ट नव्हते, आणि खरी पंचाईत इथेच आहे. काही पैशासाठी रचायचे, काही पंथाच्या अभिमानासाठी, पण काही चक्क भक्तीपोटी. एका विद्वानाची गोष्ट प्रसिद्ध आहे. लोक कुराण सोडून कायद्याच्या वादात आणि जुन्या लढायांच्या कथांत रमलेले पाहून त्याला वाईट वाटलं, म्हणून त्याने कुराणाच्या एकेका अध्यायाचं पुण्य सांगणाऱ्या हदीस स्वतःच तयार केल्या. माझ्या नावावर जो जाणूनबुजून खोटं घालेल त्याची जागा नरकात, असा इशारा प्रेषितांनी दिल्याचं हदीसमध्येच आहे. त्यावर काहींनी पळवाट काढली की आम्ही त्यांच्याविरुद्ध खोटं बोलत नाही, त्यांच्या बाजूने बोलतो. इब्न अल-जौझीला ही पळवाट मान्य नव्हती. खऱ्या धर्माला खोट्याचा टेकू द्यावा लागतो असं मानणं हा त्या धर्माचाच अपमान, अशी त्याची भूमिका.

हे वाचताना मला आमचा पॅरिशचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवल्याशिवाय राहिला नाही. कुठल्या तरी संताच्या नावावर खपवलेलं वाक्य, त्याखाली गुलाबाचं चित्र, आणि दहा जणांना पाठवा म्हणून विनंती. पाठवणाऱ्या आंटी वाईट थोड्याच असतात? संतांचं नाव घेतलंय, संदेश चांगला आहे, मग बिघडलं कुठे, असा त्यांचा प्रश्न. नेमका हाच प्रश्न बगदादचे कास विचारायचे.

त्याने दिलेला एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अहमद इब्न हंबल आणि यह्या इब्न मईन हे नवव्या शतकातले हदीसचे दोन दिग्गज. ते बगदादच्या रुसाफा मशिदीत नमाजाला गेले. नमाज संपल्यावर एक कास उठला आणि सांगू लागला की मला अहमद इब्न हंबल आणि यह्या इब्न मईन यांनी असं असं सांगितलं. पुढची हदीस अशी की जो कलमा म्हणेल त्याच्या प्रत्येक शब्दातून देव एक पक्षी निर्माण करतो, त्याची चोच सोन्याची आणि पिसं पोवळ्याची. आणि हे वर्णन पानंच्या पानं चाललं. दोघे एकमेकांकडे बघायला लागले. तू सांगितलंस? नाही बुवा, तू? कास नाणी गोळा करून उरकत असताना यह्याने त्याला बोटाने खुणावून बोलावलं. आणखी काही मिळेल या आशेने तो लगबगीने आला. यह्याने आपली ओळख दिली, शेजारच्याची दिली आणि ही हदीस आम्ही कधी ऐकलीही नाही असं सुनावलं. कास जराही गडबडला नाही. यह्या मूर्ख आहे असं आपण ऐकून होतो, आज खात्री पटली, असं म्हणाला. जगात या नावांची तुम्ही दोघंच आहात की काय? आपण तर सतरा अहमद इब्न हंबलांकडून हदीस लिहून घेतल्यात! अहमदने बाही तोंडावर घेतली आणि याला जाऊ दे म्हणून सांगितलं.

आता यातली खरी मेख. पुढे चौदाव्या शतकात जहबी नावाच्या चिकित्सक इतिहासकाराने या किस्स्याच्याच साखळीवर शंका घेतली. सांगणारा माणूस त्याला अनोळखी वाटला आणि गोष्ट रचलेली असावी असं त्याने नोंदवलं. म्हणजे खोटे किस्से सांगू नयेत हे पटवायला आमच्या नायकाने जो किस्सा वापरला तोच बहुधा खोटा. आणि हे एकटं उदाहरण नाही. 'अल-मौदूआत'मध्ये त्याने काही चांगल्या हदीसही बनावट म्हणून टाकून दिल्या, आणि उलट ज्या प्रकारच्या कच्च्या हदीसवर तो इतरांना झोडपतो तशाच त्याच्या स्वतःच्या उपदेशपर पुस्तकांत सापडतात, असे आक्षेप मुसलमान विद्वानांनीच घेतले आहेत. तो एक पुस्तक संपवलं की मागे वळून न बघता दुसरं हाती घ्यायचा, त्यामुळे चुका राहायच्या. इतिहासकार इब्न अल-अथीर तर त्याच्याबद्दल लिहितो की हा लोकांची उणीदुणी काढण्यात फार पुढे होता. संख्येचंही तसंच. त्याच्या हातावर एक लाख लोकांनी तौबा केली आणि वीस हजार ज्यू-ख्रिस्ती मुसलमान झाले, असा त्याचा स्वतःचा दावा त्याच्या नातवाने नोंदवून ठेवलाय. त्या वीस हजारांबद्दल मला एक ख्रिस्ती म्हणून काही वाटावं का, असा मी प्रामाणिकपणे विचार केला. पण आधी मनात आलं ते वेगळंच: ही मोजणी कुणी केली? साखळी कुठाय? त्यानेच शिकवलेला प्रश्न त्यालाच विचारावासा वाटतो.

त्याच्या हजरजबाबीपणाची एक गोष्ट इब्न खल्लिकान या चरित्रकाराने दिली आहे. बगदादमध्ये सुन्नी आणि शिया यांच्यात तंटे व्हायचे आणि वाद पेटवायला एक प्रश्न पुरायचा: प्रेषितांच्या नंतर श्रेष्ठ कोण, अबू बक्र की अली? दोन्ही बाजूंनी ठरवलं की इब्न अल-जौझी म्हणेल ते मान्य, आणि भर सभेत त्याला विचारलं. तो मिंबरवर होता. त्याने उत्तर दिलं की ज्याची मुलगी त्याच्या घरात होती तो, आणि उत्तरापाठोपाठ खाली उतरून चालता झाला, म्हणजे पुढचा प्रश्न यायलाच नको. सुन्नी खूश, कारण अबू बक्रची मुलगी आयेशा प्रेषितांची पत्नी. शियाही खूश, कारण प्रेषितांची मुलगी फातिमा अलीची पत्नी. वाक्यातले सर्वनाम कुणाचं, हे ज्याने त्याने ठरवायचं.

हे उत्तर लोकांना फार आवडतं आणि मलाही पहिल्यांदा आवडलं. व्याकरणाच्या वर्गात सांगावं असं आहे. नंतर मात्र ते मनात खुपत राहिलं. खोटं तो एक अक्षरही बोलला नाही, पण निम्म्या लोकांनी त्यातून चुकीचा अर्थ काढावा अशीच योजना होती. साखळीतल्या एका नावासाठी लोकांना फाडून खाणाऱ्या माणसाने इथे ऐकणाऱ्याच्या समजुतीची जबाबदारी चक्क झटकली. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर त्या दिवशी बगदादच्या गल्लीत डोकी फुटली नाहीत. त्याच्या जागी मी असते तर? मिंबरवरून इतक्या चपळाईने उतरता आलं असतं तर मीही उतरले असते बहुतेक.

त्यातही एक गोष्ट विसरून चालत नाही. हाच माणूस 1176 च्या सुमारास खलिफाकडून चुकीच्या मतांचे लोक हुडकून काढण्याचा अधिकार घेऊन बसला होता. प्रेषितांच्या सोबत्यांना शिव्या देणाऱ्यांना शिक्षा होईल, अशी घोषणा मिंबरवरून व्हायला लागली. मुळात सगळी तलवार शब्दांची होती, पण आता तिच्यामागे शिपाई उभे होते. उपदेशकाने मनं वळवायची की धाक घालायचा, या प्रश्नाचं त्याचं उत्तर सत्ता जवळ आल्यावर बदललं, असं म्हणावं लागतं.

सत्ता जशी आली तशी फिरली. आपल्याकडे पीरान-ए-पीर म्हणून ज्यांना मानतात, ज्यांच्यावरून मुलांची नावं दस्तगीर ठेवतात, ते शेख अब्दुल कादिर जिलानी हेही त्याच काळातले बगदादचे मोठे वाइझ. ते 1166 मध्ये वारले. इब्न अल-जौझीचं त्यांच्याशी कधी जमलं नाही. पुढे जिलानींचा नातू अब्दुस्सलाम याच्याकडे तत्त्वज्ञानाची आणि ग्रहताऱ्यांची पुस्तकं सापडली म्हणून ती लोकांसमोर जाळण्यात आली आणि त्याच्या आजोबांचा मदरसा काढून इब्न अल-जौझीच्या ताब्यात दिला गेला. मग वजीर बदलला. नव्या वजिराच्या दरबारात अब्दुस्सलामचं वजन होतं. 1194 मध्ये खलिफा अल-नासिरच्या हुकमाने या म्हाताऱ्याला घरातून उचलून नावेत घातलं आणि वासितला पाठवून दिलं. वासित, म्हणजे जिथे ते अक्रोडाचं झाड होतं म्हणतात.

पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस. पाच वर्षं तिथे एका घरात नजरकैदेत. पाणी स्वतः शेंदायचं, कपडे स्वतः धुवायचे, स्वयंपाक स्वतः करायचा. ज्याच्या बैठकीला खलिफा पडद्याआड बसायचा त्याच्यासमोर आता कुणी नव्हतं. या दिवसांत त्याने केलेली एक गोष्ट मला त्याच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा मोठी वाटते. वासितच्या एका जाणकाराकडे तो आपल्या धाकट्या मुलासोबत, युसूफसोबत, कुराणाच्या दहा पाठपद्धती शिकायला बसला. सगळं आयुष्य दुसऱ्यांना ऐकवण्यात गेलेला माणूस ऐंशीच्या घरात पुन्हा विद्यार्थी होऊन ऐकत होता.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. त्याचा दुसरा मुलगा अली. यालाच उद्देशून त्याने पूर्वी एक प्रेमळ पत्रवजा पुस्तक लिहिलं होतं, अभ्यास कर, वेळ घालवू नकोस, असं. बाप हद्दपार असताना त्याने बापाची पुस्तकं मिळेल त्या भावाने विकून टाकली, असं चरित्रकार लिहितात. लाखांना तौबा करायला लावणाऱ्याचं घरातल्या एकाने ऐकलं नाही. अशा गोष्टी सगळ्याच उपदेशकांच्या घरी होतात बहुधा, आपल्याकडच्याही.

सुटका झाली ती युसूफमुळे. तो तरुणपणीच चांगला वाइझ झाला होता. खलिफाच्या आईपर्यंत त्याने शब्द पोचवला आणि 1199 मध्ये वडील बगदादला परतले. पुन्हा बैठका सुरू झाल्या. दोन वर्षांनी, 1201 च्या जूनमध्ये, रमजान चालू असताना थोड्याशा आजारानंतर ते गेले.

हदीस लिहिताना बोरूला टोक काढायचं तर जो भुसा पडतो तो त्यांनी आयुष्यभर जमवून ठेवला होता. अंत्यस्नानाचं पाणी त्यावर तापवावं असं सांगून ठेवलं होतं. पाणी तापलं आणि भुसा उरलाही. त्या दिवशी बगदादचा बाजार बंद राहिला. उन्हाचा इतका ताप होता की गर्दीत चालून चालून काहींना रोजा सोडावा लागला, काहींनी वाटेतल्या खंदकाच्या पाण्यात उड्या घेतल्या. बाब हर्बच्या कब्रस्तानात अहमद इब्न हंबलच्या जवळ त्यांना पुरलं, आणि रमजान संपेपर्यंत लोक रात्री कबरीपाशी कुराण म्हणत बसायचे. नमाज पढवली ती पुस्तकं विकणाऱ्या अलीने.

मागे राहिलेल्यांपैकी मुलीचा मुलगा, सिब्त इब्न अल-जौझी, दमास्कसला जाऊन आजोबांपेक्षाही लोकप्रिय झाला. त्याच्या शनिवारच्या प्रवचनाला जागा मिळावी म्हणून लोक आदल्या रात्री मशिदीत येऊन झोपत. आजोबा तौबा करणाऱ्यांच्या बटा कापायचे, तशा यानेही कापल्या. पण 1210 मध्ये त्याच केसांचे त्याने दोर वळून घेतले आणि फ्रँकांवर, म्हणजे आपल्या ख्रिस्ती क्रुसेडवाल्यांवर, निघालेल्या घोडेस्वारांसाठी दावणी बनवल्या. आमच्या बाजूलाही संत बर्नार्डने 1146 मध्ये वेझले गावी बोलून हजारो माणसांना दुसऱ्या क्रुसेडवर धाडलं होतं, तेव्हा इथे मला फार नाक वर करता येत नाही.

युसूफ बगदादलाच राहिला, शेवटच्या खलिफाच्या दरबारात मोठ्या पदावर चढला. दमास्कसमध्ये त्याने जौझिय्या नावाचा मदरसा बांधला. पुढे त्या मदरशाच्या व्यवस्थापकाचा मुलगा इब्न कय्यिम अल-जौझिय्या म्हणून प्रसिद्ध झाला आणि आजही पुष्कळ लोक दोघांच्या नावांत गल्लत करतात. 1258 मध्ये मंगोल बगदादमध्ये घुसले, तेव्हा युसूफ आणि त्याचे तीन मुलगे मारले गेले.